डाळिंबात गोळ्या, बंदी शेतमालावर : लेबनॉन, सीरिया, जॉर्डन, सौदी सीमांवरची तस्करी आणि व्यापार

बंदरवाट

२३ एप्रिल २०२१ रोजी सौदी अरेबियाने जाहीर केलं, की लेबनॉनची फळं-भाज्या यापुढे देशात येणार नाहीत आणि सौदीच्या रस्त्यांवरून पुढे दुसऱ्या देशातही जाणार नाहीत. जेद्दा बंदरात आलेल्या डाळिंबांत कॅप्टागॉन या नशेच्या ५० लाखांहून जास्त गोळ्या सापडल्या होत्या. फळं आतून कोरून त्यात गोळ्यांच्या पुड्या भरल्या होत्या. दोन दिवसांत बंदी लागू झाली आणि सगळ्यांत आधी अडकले ते लेबनॉनच्या बेका खोऱ्यातले शेतकरी. बटाटा, द्राक्षं, सॅलडची पानं पिकवणारी ही माणसं, त्यांचा त्या डाळिंबांशी काही संबंध नव्हता.

मध्यंतरी दुसऱ्या एका धाग्यावर वाचलं, की अरब देशांची आपसातली भांडणं म्हणजे शिया-सुन्नी, बाकी काही नाही. मी आखाताकडे जाणाऱ्या मालाच्या कागदपत्रांचं काम करतो. मला ही भांडणं नाक्यावर थांबलेल्या ट्रकांतून, परत आलेल्या कंटेनरांतून दिसतात, आणि तिथून ती खूप वेगळी दिसतात. म्हणून हा धागा.

आधी रस्ता समजून घेऊ. बैरूतहून निघालेला ट्रक मस्ना नाक्यावरून सीरियात शिरतो, दमास्कसवरून दक्षिणेला नसीब नाक्यावर येतो. समोर जॉर्डनचा जाबेर नाका. तिथून जॉर्डन ओलांडून ओमरी, आणि ओमरीच्या पलीकडे सौदीचा हदीथा. लेबनॉनच्या शेतमालाला जमिनीवरून आखातात जायला व्यवहारात हाच रस्ता आहे, कारण दक्षिणेला इस्राएल आणि ती सीमा बंद. म्हणजे एका टोमॅटोच्या ट्रकला तीन सरकारांची मर्जी सांभाळावी लागते.

ती मर्जी किती वेळा फिरली ते बघा. एप्रिल २०१५ मध्ये सीरियातल्या यादवी युद्धात बंडखोरांनी नसीब ताब्यात घेतलं आणि रस्ता बंद पडला. लेबनॉन सरकारला अनुदान देऊन ट्रक जहाजांवर चढवावे लागले. ऑक्टोबर २०१८ मध्ये नाका उघडला, पण त्याच्या आदल्याच महिन्यात सीरियाने ट्रान्झिट शुल्क कित्येक पटींनी वाढवून ठेवलं होतं. जॉर्डननेही मग सीरियन ट्रकांना तोच न्याय लावला. मे २०१९ मध्ये जॉर्डनने सीरियाच्या १९४ वस्तूंची आयात थांबवली. कारण दिलं ते स्थानिक उद्योग आणि शेतीचं संरक्षण. यात धर्म कुठे आला? कुणाचा टोमॅटो कुणाच्या मंडईत किती स्वस्त पडतो, एवढाच प्रश्न होता.

आता गोळी. कॅप्टागॉन हे मुळात १९६१ साली जर्मनीत बनलेलं औषध, फेनेथिलिन. लक्ष एकाग्र होत नसलेल्या मुलांना, झोपेच्या विकारांवर देत. व्यसन लागतं हे दिसल्यावर १९८६ मध्ये ते आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आलं आणि कायदेशीर उत्पादन संपत गेलं. नाव तेवढं उरलं. आज त्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळीत बहुतेक वेळा अ‍ॅम्फेटामाइन असतं, वर दोन चंद्रकोरींचा शिक्का. परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं घेतात, रात्रभर ट्रक चालवणारे घेतात, लग्नाच्या मेजवान्यांतही ती फिरते. सर्वांत मोठी बाजारपेठ सौदी अरेबिया.

आणि कारखाने? २०११ नंतर सीरियाची अर्थव्यवस्था कोसळली, निर्बंध आले, आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बशर असद यांच्या राजवटीच्या जवळच्या लोकांनी हा धंदा हातात घेतला. बशर असदचा भाऊ माहेर, त्याच्या हाताखालची लष्कराची चौथी डिव्हिजन आणि लेबनॉनच्या सीमेवरच्या काही टोळ्या ही साखळी नंतर निर्बंधांच्या याद्यांतून उघड झाली. न्यू लाइन्स इन्स्टिट्यूट या अमेरिकेतल्या अभ्यास संस्थेने २०२१ सालचा हा व्यापार किमान ५.७ अब्ज डॉलरचा धरला होता. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. सौदीने जी फळं-भाज्यांची आवक बंद केली, ती लेबनॉनच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांनी सांगितल्याप्रमाणे वर्षाला २ कोटी ४० लाख डॉलरची होती. २०१९ पासून तिथलं चलन कोसळत होतं, ऑगस्ट २०२० मध्ये बैरूतचं बंदर स्फोटात उद्ध्वस्त झालं होतं. बाहेरचे डॉलर आणणारी जी थोडी दारं उरली होती, त्यातलं शेतकऱ्याचं दार बंद झालं.

२९ ऑक्टोबर २०२१ ला बंदी सगळ्याच लेबनीज मालावर गेली. या वेळी निमित्त गोळ्यांचं नव्हतं. लेबनॉनचे माहितीमंत्री जॉर्ज कोर्दाही यांनी मंत्री होण्याआधी दिलेल्या एका मुलाखतीत सौदीच्या येमेनमधल्या युद्धावर टीका केली होती, ती आता प्रसारित झाली. सौदीने लेबनॉनच्या राजदूताला परत पाठवलं. बहारीन आणि कुवेतनेही तेच केलं, अमिरातीने आपले राजनैतिक अधिकारी माघारी बोलावले. कोर्दाहींनी ३ डिसेंबरला राजीनामा दिला. राजदूत पुढच्या एप्रिलमध्ये परतले. मालावरची बंदी मात्र तशीच राहिली.

मला या सगळ्यात खटकतं ते हे : तस्करी करणाऱ्यांच्या मागे लष्कराची डिव्हिजन होती, बनावट कागद होते, दुसरा रस्ता शोधायला पैसा होता. शेतकऱ्याकडे यातलं काहीच नव्हतं. बंदी घातली ती त्याच्यावर. यावर तुमचं मत वाचायला आवडेल, विशेषतः त्या भागात राहिलेल्यांचं.

भगवा_सांगोला

बंदरवाट दादा, लेख पूर्ण वाचला. मी डाळिंबवाला, त्यामुळं मला पहिल्याच ओळीत शंका आली. एप्रिलमध्ये लेबनॉनचं डाळिंब?

आमच्याकडं आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार असे तीन बहार धरता येतात, कारण आपण पाणी तोडून झाडाला ताण देतो, पानगळ करतो, आणि पाहिजे तेव्हा फुलं आणतो. आपल्याकडं थंडी तेवढी नसते म्हणून हे जमतं. त्या बाजूला हिवाळ्यात झाड आपलं आपण पानं टाकतं, वसंतात फुलतं, आणि फळ सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडायला येतं. एप्रिलमध्ये त्या झाडाला नवी पालवी आणि कळी असणार. ऑक्टोबरचा माल शीतगृहात ठेवला म्हटलं तरी दोन-तीन महिने चांगला राहतो, पुढं साल वाळते, दाण्याचा रंग जातो. सहा महिन्यांचं फळ जहाजात घालून सौदीला कोण पाठवणार? त्याला भाव काय मिळणार?

आमचा माल दुबईला जातो तेव्हा आकार, रंग, सालीवरचा डाग, सगळं बघून बॉक्स भरतात. जो माणूस रोज फळ हाताळतो त्याला कोरलेलं डाळिंब हातात घेतल्याबरोबर कळेल, वजनच सांगतं. मग तो माल इतक्या नाक्यांवरून गेला कसा?

बंदरवाट

दादा, अगदी मुद्द्याचं बोललात. लेबनॉनच्या शेतकरी संघटना तेव्हा हेच सांगत होत्या, की ही डाळिंबं आमची नाहीत, सीरियातून आली आणि आमच्या बंदरातून आमच्या नावाने पुढे गेली.

हे कसं होतं ते सांगतो. निर्यातीच्या मालाबरोबर बिल, पॅकिंग लिस्ट, मूळ देशाचा दाखला, कीड-रोग नसल्याचा दाखला आणि जहाजाची बिल्टी एवढे कागद असतात. जो माल दुसऱ्या देशातून आला आहे, त्याला मध्ये कुठेतरी नवा मूळ दाखला चिकटवला की पुढचे सगळे त्या कागदावर विश्वास ठेवतात. प्रत्येक नाक्यावर कागद तपासला जातो, फळ फार कमी वेळा. नाशवंत माल उघडून तासन्तास ठेवला तर तो खराब होतो, आणि भरपाई कोण देणार हा वाद उभा राहतो. तस्करांना नाशवंत माल आवडतो तो यामुळेच. स्कॅनर असतात, पण गोल फळांच्या थरांत गोल फळासारखीच दिसणारी वस्तू ओळखायला अनुभवी डोळा लागतो, आणि आगाऊ खबर असेल तर काम सोपं होतं. आजवरच्या बहुतेक मोठ्या धाडी खबरीवरूनच झाल्या असाव्यात असं मला वाटतं.

डिसेंबर २०२१ च्या शेवटी बैरूत बंदरात जे सापडलं, ते तर खरं फळही नव्हतं. खऱ्या संत्र्यांच्या पेट्यांत बनावट संत्री, आणि त्यांत सुमारे ९० लाख गोळ्या. तो माल आखाताकडेच निघाला होता. या वेळी लेबनॉनच्या यंत्रणेने पकडला, हे मुद्दाम नोंदवतो.

कडूनिंब

मला धाग्याचा सूर पटला नाही. सौदीच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? त्यांच्या राजदूताने तेव्हा सांगितलं होतं, की सहा वर्षांत लेबनॉनमधून आलेल्या ६० कोटींहून जास्त गोळ्या पकडल्या. ज्या पकडल्या त्या. न पकडलेल्या किती असतील? शेजारच्या देशाला वर्षानुवर्षं सांगूनही त्याच्या बंदरातून विष येत राहिलं, तर दार लावण्याशिवाय उपाय काय? लेबनॉनमध्ये सरकार आहे की नाही हाच प्रश्न होता. हिजबुल्लाह या तिथल्या सशस्त्र संघटनेच्या ताब्यातल्या भागात पोलीस शिरू शकत नव्हते. शेतकऱ्याचं वाईट वाटतं, पण व्यसनात गेलेल्या मुलाच्या आईबापांचंही वाईट वाटलं पाहिजे. पंजाबातल्या माझ्या ओळखीच्या दोन घरांत मी हे जवळून पाहिलं आहे. त्यामुळे या विषयावर मी तटस्थ राहू शकत नाही.

बंदरवाट

कडूनिंब, तुमचा राग रास्त आहे, आणि त्या घरांचं दुःख मी लहान करत नाही. सौदीने काहीच करू नये असं माझं म्हणणं नाही. मी विचारतो ते एवढंच, की त्या बंदीने गोळ्या थांबल्या का?

एप्रिलमध्ये फळांवर बंदी आली. जूनमध्ये सौदीने लेबनॉनहून आलेल्या लोखंडी पत्र्यांत दडवलेल्या १ कोटी ४० लाखांहून जास्त गोळ्या पकडल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये रियाधच्या कोरड्या बंदरात (समुद्रापासून दूर, कंटेनर तपासून सोडायची जागा) पिठाच्या मालात जवळपास ४ कोटी ६९ लाख गोळ्या सापडल्या, एका वेळी पकडलेला त्या देशातला सर्वांत मोठा साठा. तोपर्यंत लेबनॉनचा सगळाच माल बंद होऊन महिने उलटले होते. त्याआधी, जुलै २०२० मध्ये इटलीच्या सालेर्नो बंदरात कागदाच्या रिळांत आणि लोखंडी चाकांत ८ कोटी ४० लाख गोळ्या मिळाल्या. त्या गोळ्या सुरुवातीला आयसिसच्या नावावर घातल्या गेल्या, नंतर तपासाचा माग सीरियातल्या सत्तेच्या वर्तुळाकडे गेला. माल मुद्दाम युरोपला नेऊन तिथून फिरवतात, कारण इटली किंवा ग्रीसहून आलेल्या कंटेनरकडे आखाती कस्टम तेवढ्या संशयाने बघत नाही.

तस्कर माल बदलतो, बंदर बदलतो. बेकातला शेतकरी जमीन बदलू शकत नाही.

तुमची एक बाजू मात्र मान्य. दबावाचा परिणाम झाला. बंदीनंतर बैरूतमध्ये राष्ट्राध्यक्षांपासून सगळे बैठका घेऊ लागले, संत्र्यांसारख्या धाडी झाल्या. कॅप्टागॉनचा राजा म्हणून ओळखला जाणारा हसन दक्को एप्रिल २०२१ मध्येच पकडला गेला होता, त्याला डिसेंबर २०२२ मध्ये सात वर्षांची सक्तमजुरी झाली.

कडूनिंब

ठीक आहे. पण दबाव टाकल्याशिवाय हे झालं नसतं, हे तुम्हीच लिहिलंत. माझं मत तेवढंच होतं.

इर्बिदकर_ताई

वाचून फार आठवणी आल्या. आम्ही काही वर्षं जॉर्डनमध्ये इर्बिदला होतो, यजमान तिथल्या औद्योगिक वसाहतीत कपड्यांच्या कारखान्यात उत्पादन बघायचे. तिथे भारत, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळची खूप माणसं काम करतात. रम्था गाव अगदी शेजारी, आणि रम्थाच्या पलीकडे लगेच सीरियाचं दरआ.

रम्था आणि दरआ ही दोन गावं म्हणजे एकाच घराच्या दोन खोल्या म्हणाव्यात अशी. नातीगोती दोन्हीकडे. तिथे गाडीतून ये-जा करत माल आणणाऱ्या चालकांची एक पूर्ण जमात आहे, त्यांना बह्हारा म्हणतात. सिगारेट, मिठाई, कपडे, भाजी, साबण, जे सीरियात स्वस्त ते इकडे आणायचं. कागदोपत्री याला तस्करी म्हणता येईल, गावात कुणी म्हणत नव्हतं. बाजारातली निम्मी दुकानं त्या मालावर चालायची. युद्धात नाका बंद पडला तेव्हा दुकानांची शटरं ओळीने खाली आली. माझ्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या बाईंचे दोन मुलगे हेच काम करायचे. पुढे ते घरी बसून होते. बाई मला चहाला बोलवायच्या आणि पूर्वी दमास्कसला सकाळी जाऊन रात्री परत यायचो हे सांगत राहायच्या.

२०१८ मध्ये नाका उघडल्यावर जीव आला, पण ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारने सीमेवरून आणायच्या सिगारेटवर मर्यादा घातली, माणशी एकच मोठं पाकीट. त्यावरून रम्थात रस्त्यावर टायर जळले, पोलिसांशी झटापटी झाल्या. बाहेरच्याला वाटेल सिगारेटवरून एवढं? पण तिथे दुसरा कामधंदाच नव्हता. सरकारचंही चुकत नव्हतं, सिगारेटचा कर हा त्यांच्या तिजोरीचा मोठा भाग, आणि सिगारेटच्या आड बंदुका, गोळ्या येतात ही भीती खरी होती. दोन्ही बाजू डोळ्यांसमोर दिसायच्या आणि कुणाला दोष द्यावा कळायचं नाही.

नंतर गोष्टी फार बिघडल्या. जानेवारी २०२२ मध्ये सीमेवर जॉर्डनचा एक लष्करी अधिकारी मारला गेला, आणि त्याच महिन्यात २७ तारखेला लष्कराने बर्फात, धुक्यात घुसू पाहणाऱ्या २७ तस्करांना ठार केलं. गोळीबाराचे नियमच बदलले होते. त्या २७ जणांत कुणी टोळीचा म्होरक्या असेल असं मला नाही वाटत. ओझं वाहणारी, पैशाच्या अडचणीतली पोरं असणार.

बंदरवाट

ताई, तुमचा प्रतिसाद माझ्या मूळ लेखापेक्षा जास्त सांगतो. जॉर्डन-सीरिया सीमा जवळपास पावणेचारशे किलोमीटर आहे, पूर्वेकडचा बराच भाग ओसाड वाळवंट. तिथे किराणा आणणारा बह्हारा आणि रात्री शस्त्रं घेऊन येणारी टोळी यांतला फरक राखणं लष्करालाही अवघड जातं, आणि किराणावाल्याचा रस्ता बंद झाला की त्यातले काही टोळीकडे वळतात.

तुम्ही निघून आल्यानंतरचा भाग जोडतो. १ मे २०२३ ला अम्मानमध्ये जॉर्डन, सौदी, इराक, इजिप्तचे परराष्ट्रमंत्री सीरियाच्या मंत्र्याबरोबर बसले. तस्करी रोखायला सीरियाने सहकार्य करावं हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. ७ मे रोजी अरब लीगने सीरियाला परत घेतलं. आणि दुसऱ्याच दिवशी दक्षिण सीरियात हवाई हल्ला झाला. त्यात मरई अल-रमथान हा मोठा तस्कर बायको-मुलांसह मारला गेला. जॉर्डनने तेव्हा उघड कबुली दिली नाही, पण रोख सगळ्यांना कळला. एका हातात व्यापाराचं निमंत्रण आणि दुसऱ्या हातात विमान. जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण सीरियातल्या सुवैदाच्या बाजूला झालेल्या हल्ल्यात तर निरपराध बायका-मुलं गेली.

उंबरठा

एक बाजू राहिली आहे ती लिहिते. माल फक्त सीरियाकडून लेबनॉनकडे येत नव्हता, उलटाही जात होता, आणि त्याने लेबनॉनचं जास्त नुकसान झालं असं मला वाटतं.

लेबनॉनमध्ये चलन कोसळल्यावरही सरकार पेट्रोल, डिझेल, गहू, औषधं जुन्या दराने डॉलर देऊन आयात करवत होतं. म्हणजे लेबनॉनमध्ये पेट्रोल कृत्रिमरीत्या स्वस्त, पलीकडे सीरियात निर्बंधांमुळे टंचाई आणि भाव अनेक पट. हर्मेल, अक्कार या सीमाभागातून टँकर सरळ पलीकडे जात. देशाच्या मध्यवर्ती बँकेचे उरलेसुरले डॉलर त्या टँकरबरोबर सीमेपार गेले, आणि बैरूतमध्ये लोक पंपावर तासन्तास रांगेत. १५ ऑगस्ट २०२१ ला अक्कारमधल्या तलील गावात, साठेबाजांकडून लष्कराने जप्त केलेलं पेट्रोल लोकांना वाटलं जात असताना स्फोट झाला. २८ हून अधिक माणसं जळून गेली, त्यात सैनिकही होते. घरून डबे, कॅन घेऊन पेट्रोल घ्यायला आलेली साधी माणसं होती ती.

ज्या गोष्टीचा भाव सीमेच्या दोन बाजूंना इतका वेगळा असतो, ती वस्तू वाहायला कुणी ना कुणी मिळतंच. मग ती गोळी असो की पाव.

पश्चिमवारा

उंबरठा यांचा मुद्दा ट्युनिशिया-लिबिया सीमेला तंतोतंत लागू होतो. लिबियात पेट्रोल जगातल्या सर्वांत स्वस्तांपैकी एक, आणि ट्युनिशियाचं बेन गर्दान गाव त्याच्यावर जगतं. रस्त्याच्या कडेला कॅन मांडून पेट्रोल विकणारी पोरं. मार्च २०२४ मध्ये रास जदीर नाका बंद झाला, कारण लिबियाचं गृहखातं आणि झुवाराचे स्थानिक सशस्त्र गट यांच्यात नाक्याच्या ताब्यावरून चकमक झाली. जुलैपर्यंत तो पूर्ण उघडला नव्हता, आणि बेन गर्दानची बाजारपेठ तेवढे महिने ठप्प. मोरोक्को-अल्जिरिया सीमा तर १९९४ पासून बंद आहे, तरी कित्येक वर्षं तिथून अल्जिरियाचं पेट्रोल मोरोक्कोत येतच होतं.

बंदरवाट

पश्चिमवारा, तुम्ही मगरिबवर (ट्युनिशिया, लिबिया, अल्जिरिया, मोरोक्कोचा भाग) स्वतंत्र धागा काढाच. इथे तो विषय मावणार नाही.

दाभोळखाडी

मी दम्मामला आहे. आमच्या कोकणातली शेकडो माणसं इकडे आहेत, म्हणून एक गोष्ट कळकळीने विचारतो. सुट्टीवरून परत येताना लोक दुसऱ्यांची पार्सलं आणतात. गावातला कुणी म्हणतो, भावासाठी लोणचं दे, औषधं दे, नाही म्हणता येत नाही. इकडे कॅप्टागॉनचा एवढा धसका आहे की औषधांच्या गोळ्या पाहिल्या तरी कस्टमवाले सामान बाजूला काढतात. शिक्षा काय होते हे सगळ्यांना माहीत आहे. बंदरवाट साहेब, यात आपल्या लोकांनी काय काळजी घ्यावी?

बंदरवाट

दाभोळखाडी भाऊ, बरं झालं विचारलंत. सौदीत नोव्हेंबर २०२२ पासून अंमली पदार्थांच्या गुन्ह्यांत देहदंड पुन्हा सुरू झाला, मधली जवळपास तीन वर्षं तो थांबला होता. २०२४ मध्ये त्या देशात एकूण ३०० हून जास्त जणांना देहदंड झाला, त्यात मोठा वाटा अंमली पदार्थांच्या खटल्यांचा, आणि त्या खटल्यांत परदेशी माणसं बरीच. बॅग कुणाच्या हातात होती हे बघतात. सामान दुसऱ्याचं होतं, हे सिद्ध करायला तुमच्याकडे काही नसतं.

तेव्हा सीलबंद डबा, शिवलेली पिशवी, मिठाईचा बांधलेला खोका कुणाचाही घेऊ नका, सख्ख्या मामाचाही नाही. घ्यायचंच झालं तर समोर उघडून, स्वतः भरून घ्या. स्वतःची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह आणि मूळ पाकिटात ठेवा. काही झोपेच्या, वेदनेच्या, मानसिक आजाराच्या गोळ्या आपल्याकडे चिठ्ठीवर सहज मिळतात, त्या तिकडे नियंत्रित असतात. निघण्याआधी तिथल्या आरोग्य खात्याकडून परवानगी घेता येते का ते बघा. ट्रक चालवणाऱ्यांनी सील क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी स्वतः ताडून मगच सही करावी.

दाभोळखाडी

धन्यवाद. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर हे पाठवतो.

दोहा_मुक्काम

व्यापारबंदीचा दुसरा अनुभव. ५ जून २०१७ ला सौदी, अमिरात, बहारीन, इजिप्तने कतारशी संबंध तोडले, तेव्हा आम्ही दोह्यात होतो. कतारला जमिनीवरची एकच सीमा, सौदीची. दुसऱ्या दिवशी दुकानात सौदीचं दूध नाही, कोंबडी नाही. आठवड्याभरात तुर्कस्तान, इराणहून विमानं आली. पुढे गाईसुद्धा विमानाने आणल्या आणि देशाने स्वतःचं दूध उभं केलं. जानेवारी २०२१ मध्ये सौदीतल्या अल-उलाला झालेल्या आखाती देशांच्या बैठकीच्या सुमारास सीमा उघडली. पण कतारकडे वायूचा पैसा होता. लेबनॉनच्या शेतकऱ्याकडे तो नाही, म्हणून बंदरवाट यांचं म्हणणं मला पटतं. बंदी एकच, पण सोसायची ताकद वेगवेगळी.

भगवा_सांगोला

कांदा निर्यातबंदीच्या वेळी नाशिककडच्या पाहुण्यांचं काय झालं ते बघितलंय आम्ही. ८ डिसेंबर २०२३ ला बंदी आली, वाटेवरचा माल वाटेत राहिला. तिथं निदान आपलंच सरकार होतं, मोर्चा काढता येत होता, मे महिन्यात उठली तरी. बेकातल्या शेतकऱ्यानं दुसऱ्या देशाच्या राजाला अर्ज कुठं करायचा?

बंदरवाट दादा, असद गेला ना आता? मग गोळ्या थांबल्या का, आणि त्या लोकांचा माल जातोय का?

बंदरवाट

दादा, असद राजवट ८ डिसेंबर २०२४ ला पडली. त्यानंतरच्या दिवसांत पत्रकारांना लष्करी तळांवर, गोदामांत गोळ्यांचे ढीग दाखवले गेले. दमास्कसजवळच्या दूमामध्ये चिप्सचा एक बंद कारखाना होता, तिथे हजारो गोळ्या घरगुती व्होल्टेज स्टॅबिलायझरच्या आतल्या तारांच्या गुंडाळ्यांत भरलेल्या मिळाल्या. बनावट फळंही सापडली. जी गोष्ट राजवट वर्षानुवर्षं नाकारत होती ती उघड्यावर आली. जून २०२५ मध्ये वसीम असद, बशरचा नातलग आणि या धंद्यासाठी अमेरिका-ब्रिटनच्या निर्बंधांत असलेला, सीरियात पकडला गेला.

मोठे कारखाने गेले, पण गोळी पूर्ण गेली नाही. साठे शिल्लक आहेत, कारागीर आहेत, छोटी यंत्रं सहज हलवता येतात. २०२५ मध्ये जॉर्डनच्या लष्कराने गोळ्या बांधून सोडलेले फुगे पाडले. लेबनॉन-सीरिया सीमेवर मार्च २०२५ मध्ये हर्मेलच्या बाजूला दोन्ही लष्करं एकमेकांवर गोळ्या झाडत होती. मग त्याच महिन्यात २७ तारखेला जेद्दामध्ये सौदीच्या मध्यस्थीने दोन्ही संरक्षणमंत्र्यांनी सीमा आखणी आणि समन्वयाचा करार केला. ज्या बंदरात ती डाळिंबं फुटली, त्याच शहरात.

व्यापाराचं म्हणाल तर ३ मार्च २०२५ ला लेबनॉनचे राष्ट्राध्यक्ष जोसेफ औन रियाधला गेले होते. निर्यात पुन्हा सुरू करण्यातले अडथळे तपासू, असं संयुक्त निवेदनात आलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सौदीकडून संकेत आले, की लेबनॉनने तस्करी रोखण्यात प्रगती दाखवली आहे आणि व्यापार लवकरच वाढवला जाईल.

बंदी एप्रिल २०२१ ची. चार-साडेचार वर्षांत आखातातल्या मंडईत लेबनॉनची जागा इतरांनी घेतली, त्यात इजिप्त, तुर्कस्तान, इराण आले आणि आपला भारतही आला. तुमचं डाळिंब आणि नाशिकची द्राक्षंही त्याच घाऊक बाजारात जातात. कागदावर बंदी उठली तरी बेकातल्या माणसाला जुना घाऊक व्यापारी परत मिळेलच असं नाही, आणि मधल्या काळात अनेकांनी लागवड कमी केली असणार. नसीबवरून त्यांचे ट्रक पुन्हा नियमित जाऊ लागले, आणि त्याची भरवशाची बातमी मिळाली, की याच धाग्यावर लिहीन.